बदली होऊन छोट्या गावात आलात? तिथल्या चर्चमध्ये नाव कसं लावायचं, रविवार कसा असतो, सगळं एका ठिकाणी

शिक्षक, नर्स, बँकवाले, एसटीतले लोक, आपल्या समाजात बदलीच्या नोकऱ्या करणारे भरपूर. पुण्या-मुंबईच्या मोठ्या चर्चमधून उठून एकदम श्रीरामपूर, राहुरी, नेवासा, संगमनेर असल्या गावी आलं की घर, शाळा, गॅस, पाणी सगळं मार्गी लागतं पण चर्चचं मात्र कोणी नीट सांगत नाही. लोक धरून चालतात की रविवारी जाऊन बसलं म्हणजे झालं. तसं नसतं. छोट्या गावात चर्च म्हणजे रजिस्टरमधलं नाव, आठवड्याच्या प्रार्थना सभा, मुलांचं संडे स्कूल आणि वेळ आली तर कबरस्तानातली जागा, हे सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं, आणि ते पहिल्या दोन-तीन महिन्यांत लावून घेतलं तर पुढे कधीच धावपळ होत नाही. मी नगर जिल्ह्यात राहून हे सगळं केलंय म्हणून उदाहरणं तिकडचीच येतील (आता अहिल्यानगर, पण बोलताना नगरच निघतं). बाकी महाराष्ट्रात थोडाफार फरक असतो, तो जिथे माहितीये तिथे सांगते.

१. आधी समजून घ्या गावातलं चर्च कुठल्या परंपरेचं आहे

शहरात चार रस्त्यांवर चार प्रकारची चर्चेस असतात, आपण आपलं निवडतो. छोट्या गावात तसं नसतं, कारण जुन्या काळी मिशनऱ्यांनी भाग वाटून घेतले होते आणि एका भागात शक्यतो एकच प्रोटेस्टंट मिशन काम करायचं. नगर, सोलापूर, साताऱ्याकडे अमेरिकन मराठी मिशन, ते नगरला १८३१ मध्ये आलं. कोल्हापूर, सांगली, मिरज, वेंगुर्ल्याकडे अमेरिकन प्रेस्बिटेरियन, मिरजेचं वानलेस हॉस्पिटल त्यांचंच. जालना आणि नागपूरकडे स्कॉटिश मिशन. अकोला-अमरावती पट्ट्यात अलायन्स, वाशिमकडे नाझरीन. त्यामुळे ज्या गावात गेलात तिथली उपासनेची पद्धत, गाण्याची चाल, कमिटीचे नियम हे सगळं त्या जुन्या मिशनवरून ठरलेलं असतं.

२९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा मंडळ्या (चर्चच्या संघटना) एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया म्हणजे सीएनआय झालं, अँग्लिकन, काँग्रिगेशनल, प्रेस्बिटेरियन वगैरे सगळे त्यात आले. म्हणून आज बोर्डावर सीएनआय लिहिलेलं असलं तरी आतली सवय जुन्या मिशनची असू शकते. पूर्वी अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेच्या, असलेल्या चर्चमध्ये छापील पुस्तकातून उत्तरं द्यायची पद्धत जास्त, तर काँग्रिगेशनलमध्ये पाळक (चर्चचे धर्मगुरू) मनाने प्रार्थना करतात आणि मंडळीच्या सभेचा शब्द मोठा असतो. तुम्ही मुंबईच्या जुन्या अँग्लिकन चर्चमधून नेवाशाकडच्या जुन्या काँग्रिगेशनल चर्चमध्ये आलात तर दोन्ही सीएनआयच, तरी पहिल्या रविवारी थोडं गोंधळायला होईल. काळजी करू नका.

नगर जिल्ह्यात साधारण हे सगळे सापडतील: सीएनआय (नाशिक धर्मप्रांत म्हणजे बिशपांच्या हद्दीखाली), रोमन कॅथलिक (तेही नाशिक धर्मप्रांत, तो १९८७ मध्ये पुण्यापासून वेगळा झाला), मुक्तिफौज (साल्व्हेशन आर्मी), आणि अलीकडच्या स्वतंत्र फेलोशिप मंडळ्या ज्या कुणाच्या घरात किंवा भाड्याच्या हॉलमध्ये भरतात. सेव्हन्थ डे वाले असतील तर त्यांची उपासना शनिवारी असते, रविवारी गेलात तर गेटला कुलूप.

मुक्तिफौजेबद्दल एक महत्त्वाचं. त्यांच्याकडे पाण्याचा बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी) हे विधी नसतात. तिथे सैनिक म्हणून नाव नोंदवलं जातं, लहान बाळाचं समर्पण होतं. त्यामुळे मुक्तिफौजेतल्या घरातली मुलगी सीएनआयच्या घरात लग्न होऊन आली की "बाप्तिस्म्याचा दाखला आणा" म्हणतात आणि तो नसतोच. हे आधी माहीत असेल तर लग्नाच्या ऐन तोंडावर धावपळ होत नाही, पाळकांशी सहा महिने आधी बोलून घ्या.

२. जुनं गाव सोडायच्या आधी हे कागद घ्या

सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात. सामान बांधायच्या गडबडीत चर्चचं पत्र घ्यायचं राहून जातं आणि मग तीन वर्षांनी मुलाच्या बाप्तिस्म्याला किंवा बहिणीच्या लग्नाला ते पत्र लागतं, तोपर्यंत तिकडचे पाळकसाहेब बदलून गेलेले असतात, सेक्रेटरी नवीन, कोणी ओळखत नाही. सीएनआयमध्ये पाळकांच्या दर काही वर्षांनी बदल्या होतात त्यामुळे "पाळकसाहेब मला चांगले ओळखतात" याला काही अर्थ नाही, जे रजिस्टरमध्ये लिहिलंय तेवढंच राहतं.

काय काय घ्यायचं:

- सभासदत्व बदलीचं पत्र, चर्चच्या लेटरहेडवर, पाळक आणि सेक्रेटरी दोघांच्या सह्या आणि शिक्का. त्यात घरातल्या प्रत्येकाचं नाव, बाप्तिस्म्याची तारीख, स्थिरीकरण (कन्फर्मेशन, म्हणजे मोठं झाल्यावर स्वतः विश्वास कबूल करण्याचा विधी) झालंय का, प्रभुभोजनात भाग घेता का आणि वर्गणी कुठल्या महिन्यापर्यंत भरलीये हे लिहून घ्या
- प्रत्येकाचा बाप्तिस्म्याचा दाखला, मूळ आणि दोन-दोन झेरॉक्स
- स्थिरीकरणाचा दाखला असेल तर
- लग्नाचा दाखला
- वर्गणीच्या शेवटच्या वर्षाच्या पावत्या
- आधार कार्डाची झेरॉक्स, नवीन पत्ता झाला नसेल तर भाडेकरार

आता नावांचं बघा. दाखला आणि आधार शेजारी ठेवून एकेक अक्षर जुळवा. आपल्यात घरी एक नाव, शाळेत दुसरं, बाप्तिस्म्यात तिसरं असं सर्रास असतं. बाप्तिस्म्याला शांतवन आणि आधारवर शांताराम, आजीच्या दाखल्यावर आडनावच नाही फक्त वडलांचं नाव, असल्या गोष्टी. जिथे बाप्तिस्मा झाला त्याच चर्चचं रजिस्टर हे मूळ, त्यामुळे दुरुस्ती किंवा "दोन्ही नावं एकाच व्यक्तीची" असं पत्र तिथूनच मिळतं. नवीन गावचे पाळक ते देऊ शकत नाहीत, त्यांच्यावर चिडून उपयोग नाही.

कॅथलिक असाल तर पद्धत वेगळी. तिथे तुम्ही ज्या भागात राहता त्या धर्मग्रामाचे (पॅरिशचे) आपोआपच होता, तरी जाऊन फादरांना भेटून कुटुंबाची नोंद करून घ्यायची. स्नानसंस्काराचा (बाप्तिस्म्याचा) दाखला घरात जुना पडलेला असेल तरी लग्नाच्या वेळी तो चालत नाही, ज्या चर्चमध्ये स्नानसंस्कार झाला तिथून सहा महिन्यांच्या आतला नवीन काढावा लागतो. कारण माणसाचं दृढीकरण (त्यांच्याकडचं स्थिरीकरण), लग्न या सगळ्याची नोंद त्याच मूळ रजिस्टरला शेरा म्हणून चढते आणि नवीन दाखल्यावर तो शेरा दिसतो, त्यावरून कळतं की आधी लग्न झालेलं नाही.

३. पहिला फोन आणि वेळ

गुगलवर दिलेल्या वेळेवर अजिबात जाऊ नका. छोट्या गावातल्या चर्चची वेळ उन्हाळ्यात एक, हिवाळ्यात एक असते, आणि कधी डीनरीची (आसपासच्या चर्चेसच्या गटाची) किंवा बिशपांची भेट असली की बदलते. शिवाय एका पाळकांकडे बहुतेक वेळा गावातलं मुख्य चर्च आणि आसपासच्या वाड्या-खेड्यांतली दोन-चार छोटी चर्चेस असतात. सकाळी इथे, दुपारी तिकडे. प्रभुभोजन फक्त दीक्षा झालेले पाळकच देऊ शकतात म्हणून ते वार लावून द्यावं लागतं, बऱ्याच ठिकाणी मुख्य चर्चमध्ये महिन्याचा पहिला रविवार. बाकी रविवारी पाळक दुसरीकडे असले तर इथे कमिटीतले वडील किंवा एखादे रिटायर्ड मास्तर उपासना चालवतात. ती काही कमी उपासना नसते, उलट गावातली माणसं कळायची तर अशाच रविवारी कळतात.

कॅथलिक मिस्साचंही (त्यांच्या उपासनेचंही) तसंच, मुख्य चर्चमध्ये ठरलेली वेळ आणि खेड्यावर आळीपाळीने. शनिवारची संध्याकाळची मिस्सा असेल तर ती रविवारची म्हणून धरली जाते, ड्युटीवाल्यांना हे फार सोयीचं.

म्हणून आदल्या आठवड्यात, शक्यतो बुधवार-गुरुवारी संध्याकाळी, मिशन कंपाऊंडमध्ये एक चक्कर मारा. पाळकसाहेब नसले तर पाळकीणबाई भेटतील, आणि खरं सांगायचं तर निम्मी माहिती त्यांच्याकडेच असते. नमस्कार करा, जय ख्रिस्त म्हणा, जुनी माणसं नगरकडे सलाम म्हणतात, काहीही चालतं. कुठून आलात, कुठे राहायला आहात, घरात कोण कोण हे सांगा. पत्र त्याच वेळी द्यायची गरज नाही पण आणलंय एवढं सांगून ठेवा.

४. पहिला रविवार (सीएनआय)

दहा-पंधरा मिनिटं आधी पोहोचा. पहिली घंटा झाली की लोक घरातून निघतात आणि दुसरीला उपासना सुरू. चपला कुठे काढायच्या ते बाकीच्यांकडे बघा, खेड्यातल्या बऱ्याच चर्चमध्ये त्या दाराबाहेर निघतात आणि आत सतरंजीवर बसायचं असतं, तालुक्याच्या चर्चमध्ये बाकं असतात. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला ही पद्धत अजून पुष्कळ ठिकाणी आहे. मुंबईकर नवरा-बायको जोडीने बसले तर कोणी उठवत नाही पण बघतात मात्र सगळे, पहिल्या दिवशी गावाच्या पद्धतीने बसलेलं बरं. बायका प्रार्थनेला डोक्यावर पदर किंवा ओढणी घेतात. पुढची एक-दोन बाकं कमिटीची किंवा गायक मंडळींची असतात, ती सोडा.

सोबत दोन पुस्तकं न्या, पवित्र शास्त्र आणि उपासना संगीत. दुसरं फार महत्त्वाचं, मराठी प्रोटेस्टंट चर्चमध्ये सगळी गाणी त्यातलीच, भिंतीवरच्या लाकडी बोर्डावर फक्त क्रमांक लावलेले असतात आणि ते बघून आपण पानं काढून ठेवायची. मोबाईलमध्ये पीडीएफ असेल तर तिचे क्रमांक पुस्तकाशी जुळतात का ते घरी बघून घ्या. आणि शक्य असेल तर खरंच पुस्तक विकत घ्या, कारण खेड्यात शेजारच्या आजींना पुस्तक नसतं आणि त्या तुमच्यात डोकावून गातात, ओळख होते ती अशीच.

साधारण क्रम असा: सुरुवातीचं गीत, पापकबुली, स्तोत्राचं वाचन (बहुतेक वेळा एक ओळ पाळक आणि एक ओळ मंडळी), जुना करार, नवा करार, विश्वासांगीकार (सगळ्यांनी मिळून म्हणायची श्रद्धेची कबुली), प्रार्थना, जाहीर सूचना, अर्पण, संदेश, शेवटचं गीत, आशीर्वाद. दीड तास धरा, प्रभुभोजन असेल तर दोन.

गाण्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते कारण छोट्या गावात मला सगळ्यात जास्त जीव लागला तो यात. पाश्चात्य चालीची गीतं हार्मोनियमवर सावकाश चालतात. पण मध्येच ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचं एखादं भजन लागलं की सगळा नूर बदलतो, ढोलकी किंवा तबला पुढे येतो, कोणीतरी झांज घेतं, आणि एरवी न बोलणारे म्हातारे काका पहिल्या कडव्याला आवाज लावतात. टिळक (१८६१–१९१९) बरीच वर्षं नगरला राहिले, आणि ही भजनं इकडे लोकांच्या तोंडात आहेत, पुस्तक न उघडता. तुम्हाला पेटी, तबला, ढोलकी काहीही येत असेल तर पहिल्याच महिन्यात सांगून टाका, छोट्या चर्चमध्ये वाजवणारा माणूस नेहमी कमी असतो आणि शनिवारी संध्याकाळच्या प्रॅक्टिसला तुम्हाला हात धरून नेतील. नाही येत तर मागे बसून गा, चाल आपोआप बसते.

जाहीर सूचनांच्या वेळी नवीन आलेल्यांना उभं राहून ओळख द्यायला सांगतात. दोन वाक्यं पुरेत, नाव, कुठल्या चर्चमधून आलो, इथे कशासाठी. तिथे आपल्या जुन्या चर्चचं कौतुक सुरू करू नका, "आमच्याकडे असं करतात" हे वाक्य पहिली सहा महिने तोंडातून काढायचंच नाही.

प्रभुभोजनाच्या रविवारी: स्थिरीकरण झालेल्यांनीच पुढे जायचं ही बहुतेक ठिकाणची रीत. काही ठिकाणी पुढे गुडघे टेकून, काही ठिकाणी बसल्या जागी ताट आणि छोटे पेले फिरतात. पहिल्यांदा तिसऱ्या-चौथ्या ओळीत बसा म्हणजे पुढचे कसे करतात ते दिसतं.

५. मिस्साला जात असाल तर

कॅथलिक लोकांना हे माहीत असतं, मी लिहितेय ते मिश्र घरांसाठी, एक जण सीएनआय आणि एक जण कॅथलिक, नगरकडे अशी घरं खूप. मिस्साला कोणीही बसू शकतं, मनापासून स्वागत होतं, पण ख्रिस्तप्रसाद (त्यांच्याकडचं प्रभुभोजन) फक्त कॅथलिक घेतात. प्रसाद घेण्याआधी तासभर काही खायचं नसतं (पाणी आणि औषध चालतं). प्रोटेस्टंट माणसाची हमखास होणारी गडबड म्हणजे प्रभूची प्रार्थना. आपण एका दमात "राज्य, पराक्रम, गौरव" पर्यंत म्हणून मोकळे होतो, आणि मिस्सामध्ये "वाइटापासून सोडव" नंतर मंडळी थांबते, फादर मध्ये एक प्रार्थना म्हणतात आणि मग पुढचं सगळे मिळून. सगळं चर्च शांत आणि आपला एकट्याचा आवाज, असं होऊ नये म्हणून तेवढं लक्षात ठेवा.

सिस्टर लोकांच्या शाळा-दवाखान्यामुळे छोट्या गावात कॅथलिक चर्चचं ऑफिस सहसा नियमित उघडं असतं, वेळ बोर्डावर लिहिलेली असते. दाखल्यांची कामं त्या वेळेतच न्या, मिस्सा संपल्या संपल्या फादरांना वेदीपाशी कागद दाखवू नका.

६. अर्पण आणि वर्गणी

अर्पण म्हणजे रविवारी थैलीत टाकतो ते, आणि वर्गणी म्हणजे सभासदाची महिन्याची ठरलेली रक्कम, जिची पावती मिळते. दोन्ही वेगळं. चर्चच्या कमिटीच्या निवडणुकीसाठी मतदार यादीत नाव यायला वर्गणी भरलेली लागते, म्हणून ती थकवू नका. दशांश (कमाईचा दहावा भाग) देणारे पाकिटावर नाव घालून देतात. नियम एकच पाळा, पैसे खजिनदाराकडे आणि पावती लगेच. कोणी कितीही ओळखीचं असलं आणि "मी भरतो तुमचे" म्हटलं तरी गोड बोलून नाही म्हणा. यूपीआयने द्यायचे तर खातं चर्चच्या नावाचं आहे का बघा, कुणाच्या खाजगी नंबरवर पाठवू नका.

७. आठवड्याच्या प्रार्थना सभा, इथे खरी ओळख होते

रविवारी लोक हसून बोलतात आणि घरी जातात. तुम्हाला गावाने धरून ठेवायला हवं असेल तर आठवड्यातल्या घरगुती प्रार्थनेला जा. साधारण एक वार घरोघरी प्रार्थनेचा, एक वार महिला मंडळाचा, शुक्रवारी उपवास प्रार्थना, शनिवारी गाण्याची प्रॅक्टिस असं असतं, वार गावागणिक बदलतात.

घरगुती प्रार्थना आळीपाळीने होते आणि दोन-तीन महिन्यांत तुमचाही नंबर लागतो. घाबरू नका. हॉलमधलं सामान बाजूला सारा, सतरंजी किंवा चादर अंथरा, पंखा चालू, प्यायचं पाणी तयार. लोक साडेसातला म्हणतात आणि आठला जमतात. एक-दोन गीतं, शास्त्रवाचन, थोडा संदेश, मग कोणाला साक्ष द्यायची असेल तर, मग प्रार्थनेच्या विनंत्या. विनंती मोघम सांगण्यापेक्षा स्पष्ट सांगा, "सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन बुधवारी आहे" असं, कारण बुधवारी खरंच कोणीतरी दवाखान्यात डबा घेऊन येतं. पण विनंती म्हणून दुसऱ्याच्या घरातली गोष्ट कधीही सांगू नका, गाव छोटं आहे, दुसऱ्या दिवशी सकाळी पोहोचते.

शेवटी चहा आणि बिस्किट किंवा पोहे. एवढंच ठेवा. कोणी ढोकळा-गुलाबजाम केले म्हणून आपण त्याच्या वर जायचं असं सुरू झालं की ज्यांची परिस्थिती नाही ती घरं प्रार्थना घ्यायलाच कचरतात, आणि मग त्यांच्याकडे जाणं सुटतं. हे मला फार लागतं म्हणून लिहिलं.

८. मुलं आणि तरुण

संडे स्कूल उपासनेच्या आधी किंवा नंतर तासभर. मुलाला पहिल्या दिवशी सोडून निघून जाऊ नका, थोडं बसा. मे महिन्याच्या सुट्टीत व्हीबीएस (मुलांचं सुट्टीतलं बायबल शिबिर) भरतं, आठवडा-दहा दिवस, गाणी, पाठांतर, हस्तकला, शेवटच्या दिवशी कार्यक्रम, नवीन मुलाला मित्र मिळायला याच्यासारखं दुसरं काही नाही. तरुण मुलामुलींना तरुण संघात पाठवा, नाताळच्या कॅरलचं सगळं तेच बघतात. मिशनच्या शाळेत ॲडमिशनला बाप्तिस्म्याचा दाखला आणि पाळकांचं पत्र मागतात, ते जानेवारीतच तयार ठेवा, जूनमध्ये सगळेच मागायला येतात.

९. कमिटी, निवडणूक आणि दोन गट

बऱ्याच गावांत दोन गट असतात. जागेवरून, ट्रस्टवरून, जुन्या निवडणुकीवरून. कधी कोर्टात केस चालू असते. नवीन माणूस आला की दोन्हीकडचे चहाला बोलावतात आणि आपापली बाजू सांगतात. चहा प्या, ऐका, सही कशावरच करू नका. कोऱ्या कागदावर तर नाहीच, आणि "फक्त अर्ज आहे, सगळ्यांनी केलीये" म्हणून पुढे केलेल्या यादीवरही नाही. वर्षभर मंडळीत राहून माणसं कळली की मग तुमचं मत बनवा. व्हॉट्सॲप ग्रुपवर असाल तर फक्त वचन आणि सूचना वाचा, वादाच्या मेसेजला अंगठासुद्धा नको.

१०. बाप्तिस्मा, लग्न आणि मयत

बाळाचा बाप्तिस्मा: आईवडलांपैकी निदान एक जण त्या चर्चचा सभासद हवा, महिनाभर आधी सांगा. जन्म दाखला, आईवडलांचे बाप्तिस्म्याचे आणि लग्नाचे दाखले. कॅथलिकांत धर्ममातापिता सोळा वर्षांवरचे आणि दृढीकरण झालेले कॅथलिक लागतात, प्रोटेस्टंट मामाला साक्षीदार म्हणून उभं करता येतं पण त्याच्या जोडीला कॅथलिक हवाच.

लग्न: आपली लग्नं १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याखाली होतात. मुलगा २१, मुलगी १८ पूर्ण. आधी पाळकांकडे नोटीस द्यायची, मग साधारण तीन रविवार उपासनेत नावं पुकारली जातात, मुलाच्या आणि मुलीच्या दोन्ही चर्चमध्ये. म्हणजे हॉल बुक करण्याच्या आधी पाळकांकडे जा, तारीख त्यांच्या डायरीत चढल्यावर पत्रिका छापा. लेंटमध्ये, म्हणजे उपवासकाळात, लग्न सहसा लावत नाहीत, नाताळच्या आधीच्या आगमनकाळातही विचारून घ्या. कायद्याने विधीची वेळ सर्वसाधारणपणे सकाळी ६ ते संध्याकाळी ७, त्यामुळे चर्चचा विधी दुपारी किंवा चार-पाच वाजता ठेवा आणि रिसेप्शन नंतर कितीही वाजता करा. विधी झाल्यावर रजिस्टरवर सह्या होतात, दोन साक्षीदार लागतात, त्या वेळी फोटोग्राफरच्या घाईत नावाचं स्पेलिंग न बघता सही करू नका. पुढे पासपोर्ट, व्हिसा सगळं त्याच नोंदीवर चालतं.

मयत: हे कोणी आधी विचारत नाही आणि वेळ आली की कोणाला काही सुचत नाही. गावात आल्यावर साध्या बोलण्यात विचारून ठेवा, कबरस्तान कुठे आहे, कॅथलिकांचं आणि प्रोटेस्टंटांचं एक आहे की वेगळं, परवानगीची चिठ्ठी कोण देतं, कबर खोदणारे कोण, पेटी गावात मिळते की नगरहून आणावी लागते. डॉक्टरांचं मृत्यूचं सर्टिफिकेट आणि आधार लागतं, सभासदत्वाचा पुरावाही मागतात, आणि नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत नोंद २१ दिवसांच्या आत करायची. ज्या कुटुंबाचं नाव रजिस्टरला नाही त्यांना दुःखाच्या दिवशी कमिटीची मिटिंग होईपर्यंत बसावं लागतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून दोन नंबरचा मुद्दा परत वाचा. आणि दुसऱ्याच्या घरी मयत असेल तर ओळख नसली तरी जा. रात्रभर भजनं गायला माणसं लागतात.

११. वर्षभरात काय काय येतं

भस्म बुधवारपासून लेंट. झावळ्यांच्या रविवारी मिरवणूक. उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) दुपारी १२ ते ३ वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर संदेश, सात वेगळी माणसं बोलतात आणि तुम्हाला विचारलं तर एक उद्गार जरूर घ्या. ईस्टरला अंधारातच उठून पहाटेची उपासना, बऱ्याच गावांत ती कबरस्तानात होते, आदल्या दिवशी जाऊन आपल्या माणसांच्या कबरी साफ करून फुलं ठेवतात, तुमचं तिथे कोणी नसलं तरी खराटा घेऊन जा. सप्टेंबरमध्ये श्रीरामपूरजवळ हरेगावला मतमाउलीची (मरीयामातेची) यात्रा, लांबून लांबून माणसं पायी येतात, सगळ्या धर्मांची, त्या दिवसांत त्या रस्त्याला गाडी घालू नका. २ नोव्हेंबरला कॅथलिक कबरींवर प्रार्थना करतात. डिसेंबरमध्ये कॅरल पार्टी घरोघरी येते, कधी रात्री बारानंतरही, दाराशी करंज्या, शंकरपाळे, चिवडा तयार ठेवा. ३१ डिसेंबरला रात्रीची उपासना.

आणि एक कापणीचा सण. तारीख चर्चप्रमाणे वेगळी, पीक घरात आलं की. त्या रविवारी लोक पैशाऐवजी वस्तू आणतात, ज्वारीची पोती, ऊस, कांदे, भोपळा, अंडी, पाय बांधलेली कोंबडी, घरचा केक, आणि सगळं वेदीपुढे मांडलेलं असतं. उपासना संपली की आवारात लिलाव. बोलणारा एखादा मोठ्या आवाजाचा कमिटी मेंबर असतो आणि एक डझन केळी बघता बघता किती तरी पटीने जातात, कारण घेणारा ती परत चर्चला देतो आणि त्यांचा पुन्हा लिलाव होतो. पैसा चर्चच्या कामाला जातो. नवीन माणसाने दोन गोष्टी करायच्या, नोकरदार असलात तरी रिकाम्या हाताने जाऊ नका, निदान घरी केलेलं लोणचं किंवा नारळ न्या, आणि सुट्टे पैसे ठेवा. शेवटी शेवटी एखाद्या म्हाताऱ्या बाईने आणलेली मेथीची जुडी उरते. ती तुम्ही बोलून घ्या.